अकरा वेळा आमदार, आणि मोठ्या पक्षात एकदाही नाही: सांगोल्याच्या आबांचं गणित सोप्या भाषेत

एसटीच्या लाल डब्यात पुढच्या एखाद्या खिडकीवर रंगाने 'आमदार/खासदार' असं लिहिलेलं असतं बघा. त्या सीटवर कुणी आमदार बसलेला मी आजवर पाहिलेला नाही, तुम्ही पण नसेल. तिथे बहुतेक एखादी मावशी बसलेली असते, मांडीवर वायरची पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी डोकावतेय, आणि तिला उठ म्हणायची कंडक्टरची पण हिंमत नसते. अक्षरं मात्र दर वेळी बस रंगवली की नव्याने काढतात.

त्या सीटचा विषय निघाला की सोलापूर जिल्ह्यात हमखास एकच नाव घेतात. गणपतराव देशमुख, म्हणजे आबा. आमदार असून एसटीने फिरायचे हे सगळ्यांना पाठ आहे. दर निवडणुकीला आणि दर पुण्यतिथीला फॉरवर्ड येतो, "असा आमदार होणे नाही", खाली हात जोडलेले इमोजी. बाकी महाराष्ट्राला सांगोला माहिती झालं ते २०२२ मधे, गुवाहाटीवरून आलेल्या 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' मुळे. ते बोलणारे शहाजीबापू पाटील सांगोल्याचेच तेव्हाचे आमदार आणि आबांचे जन्माचे प्रतिस्पर्धी. म्हणजे आख्खा तालुका दोन गोष्टींत संपला, एसटी आणि झाडी.

मला त्या फॉरवर्डचा कंटाळा आलाय, खरं सांगतो. कारण त्यात असं वाटतं की एक भला माणूस होता, साधा राहिला, म्हणून लोकांनी अकरा वेळा निवडून दिला. असं नसतं हो. साधी माणसं गावोगाव आहेत, त्यातली निम्मी ग्रामपंचायतीला पण पडतात. काँग्रेस, राष्ट्रवादी, सेना, भाजप यापैकी कुठल्याच गाडीत न बसता पन्नास वर्षांहून जास्त काळ एकाच तालुक्यात टिकायचं तर त्यामागे काहीतरी यंत्रणा लागते. ती काय होती आणि तिची किंमत काय पडली, ते जमेल तसं सांगतो.

आधी हा शेकाप काय प्रकार आहे

शेकाप म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, लाल बावटावाले. नव्या पोरांना वाटतं ही कम्युनिस्टांचीच एखादी शाखा, पण तसं नाही. हे लोक मुळात काँग्रेसमधले. स्वातंत्र्याच्या सुमाराला, १९४७-४८ मधे, केशवराव जेधे, शंकरराव मोरे वगैरे मंडळींना वाटायला लागलं की काँग्रेस शेठजींच्या हातात गेली आणि शेतकऱ्याला कुणी विचारत नाही, म्हणून ते बाहेर पडले. पुढे दाभाडीच्या बैठकीत मार्क्सवादाची भूमिका घेतली, त्यालाच दाभाडी प्रबंध म्हणतात. गंमत म्हणजे अनुयायी सगळे धोतर-फेटेवाले, वारी करणारे. मार्क्स आणि माउली एकाच घरात नांदायचे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या पक्षाची हवा होती, १९५७ ला जोरात निवडून आले. मग १९६० ला राज्य झालं, यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचं राजकारण सुरू केलं, म्हणजे विरोधातला चांगला माणूस दिसला की त्याला आपल्यात घ्यायचं. शेकापची एकेक मोठी माणसं काँग्रेसकडे गेली. जेधे तर त्याआधीच परत गेले होते.

आता आबांची पहिली आमदारकी कधीची बघा, १९६२. म्हणजे स्टँडवर गाडी रिकामी होतेय, सगळे उतरून पलीकडच्या गाडीत जागा धरायला पळतायत, आणि हा माणूस नेमका त्याच गाडीत चढला. मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, वकिली शिकलेले, सांगोला काही त्यांचं जन्मगाव पण नाही. म्हणजे वाडवडिलांची पाटीलकी होती म्हणून मिळालं अशातलं काही नव्हतं.

अकरा विजय आणि दोन पराभव

१९६२ आणि १९६७ ला जिंकले. १९७२ ला पडले. तिथल्या आमदारांच्या निधनामुळे १९७४ ला पोटनिवडणूक लागली, तीत परत आले. मग १९७८, १९८०, १९८५, १९९० सलग. १९९५ ला पडले, शहाजीबापूंकडून, फक्त १९२ मतांनी. १९२ म्हणजे एका मोठ्या वस्तीवरची मतं सुद्धा नाहीत, एखादा ट्रॅक्टर बंद पडला असेल तरी एवढा फरक पडतो. मग १९९९, २००४, २००९, २०१४. मोजा, अकरा होतात. शेवटची निवडणूक लढले तेव्हा नव्वदीला आले होते आणि ती २५ हजारांच्या आसपास फरकाने जिंकली.

याच काळात त्यांच्या पक्षाचं राज्यात काय चाललं होतं ते शेजारी ठेवून बघा. १९६२ ला शेकापचे १५ आमदार, १९६७ ला १९. १९७२ ला एकदम ७. १९७८ ला परत १३, १९८० ला ९, १९८५ ला १३, १९९० ला ८, १९९५ ला ६, १९९९ ला ५, २००४ ला फक्त २, २००९ ला ४, २०१४ ला ३. आणि १९७८ पासून विधानसभेच्या जागा किती, तर २८८.

पक्ष असा आटत गेला, उन्हाळ्यात विहीर आटते तसा, दर वर्षी एक परस खाली. आणि सांगोल्यात मात्र पाणी टिकून. हे कसं?

मतं सांडायची की मुरवायची

आपल्याकडे निवडणुकीचा नियम एकदम साधा आहे. ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून आला, बाकीच्यांची मतं बाद, त्यांचा हिशोब कुठेच नाही. राज्यभर मिळून तुम्हाला किती टक्के मतं पडली याला जागांच्या बाबतीत शून्य किंमत. एखाद्या पक्षाला २८८ मतदारसंघात प्रत्येकी दहा हजार मतं पडली तर एकूण मतं होतात २८ लाख ८० हजार, आणि आमदार कदाचित एकही नाही. दुसऱ्या पक्षाला आख्ख्या राज्यात मिळून एक लाखच मतं पडली, पण ती सगळी एकाच तालुक्यात, तर त्यांचा आमदार येऊ शकतो.

सांगोल्याच्या माणसाला हे समजवायला लागत नाही कारण तिथे डाळिंब आहे. पाटपाणी सोडलं तर निम्मं पाणी सरीत, बांधावर, शेजाऱ्याच्या रानात जातं. ठिबक केलं तर तेवढ्याच पाण्यात जास्त झाडं जगतात कारण थेंब बुडालाच पडतो. छोट्या पक्षाला पाटपाणी परवडत नाही, त्याने ठिबकच करायचं असतं. शेकापने तेच केलं, मुद्दाम म्हणा किंवा नाइलाजाने. रायगडात अलिबाग-पेणचा पट्टा, इकडे सांगोला, मराठवाड्यात कंधार-लोहा. माकपचं पण तेच, सुरगाणा-कळवणच्या आदिवासी पट्ट्यात जे. पी. गावित आणि आता डहाणूला विनोद निकोले, बाकी राज्यात शोधून सापडत नाहीत.

पण ठिबकची एक अडचण आहे जी विकणारा सांगत नाही. नळ्यांची रोज देखभाल लागते. क्षार साचतात, उंदीर कुरतडतात, एक ड्रिपर बंद पडला की ते झाड मेलं आणि ते तुम्हाला आठवड्याने कळतं. मोठ्या पक्षाचा उमेदवार राज्यातल्या लाटेवर येतो, त्याला वरून पाऊस आहे. लाट नसलेल्याला दर गावात, दर वाडीत माणूस लागतो, तो पण निवडणुकीपुरता नाही, वर्षभर. लग्नाला जाणारा, तिसऱ्याला जाणारा, तलाठ्याकडे उतारा अडला तर सोबत जाणारा. सांगोल्यात शेकापची ही माणसं होती, आणि पिढ्यानपिढ्या होती, आजा लाल बावटावाला म्हणून बाप आणि बाप म्हणून पोरगा.

शिवाय एक सूतगिरणी. सांगोल्यात कापूस किती पिकतो, तर जवळपास नाहीच. तरी आबांनी तिथे शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी काढली आणि चालवून दाखवली, कापूस बाहेरून आणायचा आणि सूत करायचं. पश्चिम महाराष्ट्रात राजकारण म्हणजे साखर कारखाना हे समीकरण आहे, ऊस नसलेल्या माणसाने काय करायचं तर हे. सहकारी संस्था म्हणजे नोकऱ्या, सभासद, वार्षिक सभा, म्हणजे वर्षभर माणसं एकत्र येण्याचं ठिकाण. सत्तेबाहेरच्या माणसाला मंत्रालयातून काही वाटता येत नाही, मग तालुक्यातच काहीतरी उभं करावं लागतं ज्यातून त्याच्या माणसांच्या घरात पगार जाईल. यात काही वाईट नाही, पण फॉरवर्डमधे हे येत नाही कारण सूतगिरणीचा फोटो एसटीसारखा डोळ्यात पाणी आणत नाही.

"अहो पण साधेपणामुळेच निवडून आले ना?"

साधेपणाचा उपयोग झाला, जरूर झाला, फक्त कसा ते नीट बघायला पाहिजे. दुष्काळी तालुक्यातला कार्यकर्ता स्वतःच्या गाडीत स्वतःचं पेट्रोल घालून प्रचार करतो तेव्हा त्याला वरच्या माणसाकडे बघून हिशोब लावायचा असतो, की आपण आपल्या खिशातून घालतोय आणि हा बंगला बांधतोय असं तर नाही ना. नेता एसटीने येतो म्हटल्यावर तो प्रश्नच मिटतो, कार्यकर्ता पैसे मागत नाही कारण मागायची लाज वाटते. म्हणजे साधेपणाने निवडणूक स्वस्त झाली. माझ्या मते हा त्याचा खरा राजकीय उपयोग, चारित्र्य वगैरे तर आहेच.

आणि नुसत्या साधेपणावर भागत असतं तर १९७२ आणि १९९५ ला पडले नसते. तेव्हा काय सूटबूट घालत होते काय?

दुसरा आक्षेप लोक हळू आवाजात घेतात, जातीचा. आबा धनगर समाजाचे आणि सांगोल्यात तो समाज मोठ्या संख्येने आहे. खरंय, हे गणित होतंच, नाही म्हणणारा एकतर भोळा किंवा उमेदवार. पण एका समाजाच्या मतांवर अकरा वेळा कुणी येत नाही, मराठा आणि बाकीच्या समाजातली घरंच्या घरं लाल बावट्याची होती म्हणून फरक पडला. आणि त्या समाजाची संख्या १९९५ ला पण तेवढीच होती.

सभागृहात दोन-तीन आमदारांचा पक्ष करतो काय?

मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि यावर कुणीच लिहीत नाही.

विधानसभेत बोलायला वेळ पक्षाच्या संख्येप्रमाणे मिळतो. मोठ्या चर्चेत शंभर आमदारवाल्याला तास, तर दोनवाल्याला काही मिनिटं, तेवढ्यात अध्यक्ष घंटी वाजवतात. मग करायचं काय? तर नियमांची पुस्तिका पाठ करायची. काही हत्यारं अशी आहेत जी पक्षाला नाही तर एकट्या आमदाराला मिळतात. तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला उभं राहून तोंडी द्यावं लागतं, आणि त्यावर लगेच उपप्रश्न विचारता येतो. लक्षवेधी म्हणजे तातडीच्या विषयाकडे लक्ष वेधायची सूचना, ती लागली की मंत्र्याला त्यावर निवेदन करावंच लागतं. कपात सूचना म्हणजे अमुक खात्याच्या पैशात कपात करा असं म्हणायचं, कपात होत नसते, पण त्या निमित्ताने त्या खात्याची हजेरी घेता येते.

ग्रामसभेत बघा, पंचवीस लोक ओरडत असतात त्यांच्याकडे सरपंच बघत पण नाही, आणि कोपऱ्यात एक म्हातारा असतो ज्याच्या पिशवीत गेल्या तीन वर्षांचे ठराव असतात. तो उठला की ग्रामसेवक पाणी प्यायला लागतो. आबांचं सभागृहातलं नाव तसं होतं, सिंचनाचा, दुष्काळाचा, शेतमालाचा विषय आला की सत्तेतले लोक पण ऐकायचे. पण यासाठी रोज बसावं लागतं, कामकाज वाचावं लागतं. तिथेच बहुतेक जण गळतात.

याच्याशी जोडलेली एक मोठी गंमत आहे. २०२४ च्या निकालानंतर विरोधी पक्षनेता कोण यावरून जो वाद झाला तो आठवत असेल. म्हणे एकूण जागांच्या दहा टक्के, म्हणजे २९ आमदार पाहिजेत, आणि विरोधात कुणाकडेच तेवढे नव्हते, ठाकरेंच्या सेनेकडे सगळ्यात जास्त म्हणजे २०. आता मागे जा. १९६२ ते १९७२ विरोधी पक्षनेते होते शेकापचे कृष्णराव धुळप, आमदार आधी २६४ मधे १५, मग २७० मधे १९. दहा टक्के कुठेच नाहीत. १९७२ ला काँग्रेस २२२ आणि शेकाप ७, तरी विरोधी पक्षनेतेपद शेकापलाच, दि. बा. पाटलांना, तेच दिबा ज्यांचं नाव नवी मुंबईच्या विमानतळासाठी गाजलं. सात! पुढे १९७७-७८ मधे काही महिने आबा स्वतः त्या खुर्चीत होते. आणि १९७८ चा जो राज्याचा कायदा आहे विरोधी पक्षनेत्याच्या पगार-भत्त्याचा, त्यात पण दहा टक्क्याची अट नाही, विरोधातल्या सगळ्यात मोठ्या पक्षाचा नेता ज्याला अध्यक्ष मान्यता देतील तो, असं आहे. म्हणजे शेवटी प्रश्न अध्यक्षांच्या मनाचा. सात वाल्यांना मिळालं होतं, वीस वाल्यांना का नाही, याचं उत्तर आकड्यात शोधू नका.

"दोनदा मंत्री झाले की, मग बाहेरचे कसले?"

झाले. १९७८ ला शरद पवारांनी पुलोद सरकार केलं, पुलोद म्हणजे पुरोगामी लोकशाही दल, जनता पक्ष, शेकाप आणि इतर मिळून, त्यात आबा मंत्री होते. ते सरकार फेब्रुवारी १९८० मधे बरखास्त झालं. दुसऱ्यांदा १९९९ ला विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात.

छोट्या पक्षाला भाव कधी येतो ते १९९९ च्या आकड्यात स्वच्छ दिसतं. काँग्रेस ७५, राष्ट्रवादी ५८, बेरीज १३३. बहुमताला लागतात १४५. कमी पडले १२. त्या बाराच्या शोधात शेकापचे ५ आमदार म्हणजे सोनं. हेच ५ आमदार काँग्रेसला एकटीला २०० आल्या असत्या तर कुणी चहाला पण विचारले नसते. लग्नाच्या पंगतीत मीठ वाढणाऱ्याला कोण विचारतं, पण मीठच आलं नाही तर? असा तो भाव असतो, आणि तो टिकत नाही. २००२ ला रायगड जिल्ह्यातल्या स्थानिक भांडणावरून शेकापने पाठिंबा काढला, विलासरावांनी विश्वासमत जिंकलं, सरकार चालू राहिलं. मीठ दुसरीकडून आलं.

म्हणजे ५० हून जास्त वर्षांत सत्तेत किती, तर दोन्ही मिळून पाचेक वर्षांच्या आत. बाकी सगळा काळ समोरच्या बाकावर. याला आत गेले म्हणायचं असेल तर म्हणा, मी तरी नाही म्हणत.

पक्ष न बदलणं इतकं काय अवघड?

आत्ताच्या दिवसात हे वेगळं सांगायला नको, पण कायद्याचा एक बारकावा आहे जो बऱ्याच जणांना माहिती नाही. १९८५ ला पक्षांतरबंदी कायदा आला, म्हणजे निवडून आल्यावर पक्ष सोडला तर आमदारकी जाते. पण पळवाट ठेवली, की दोन तृतीयांश आमदार मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर चालतं. आता दोन तृतीयांश म्हणजे, पक्षाचे ६० आमदार असतील तर ४० गोळा करा, विमानं बघा, हॉटेलं बघा, झाडी बघा. पक्षाचे ३ असतील तर फक्त २ पाहिजेत. आणि एकच असेल तर तो सकाळी दाढी करताना आरशात बघून स्वतःशी ठराव करू शकतो. म्हणजे कायदा छोट्या पक्षाच्या आमदाराला सगळ्यात कमी अडवतो, दार जवळजवळ उघडंच.

त्या उघड्या दारात पन्नास वर्षं उभं राहून बाहेर न पडणं, याला मी एसटीपेक्षा जास्त मार्क देतो. आणि यात नुसता तत्त्वाचा भाग नाही, हिशोबाचा पण आहे. सांगोल्यातला शेकापचा मतदार हा काँग्रेसविरोधी म्हणून तयार झालेला मतदार, नेता उद्या तिकडे गेला असता तर निम्मी माणसं मागे आलीच नसती. तिकडे गेल्यावर ते शंभरातले एक झाले असते, तिकिटासाठी मुंबईला खेपा घालणारे. इथे तिकीट कोण कापणार? पक्ष म्हणजेच तालुका आणि तालुका म्हणजेच आबा.

"मग पाणी का नाही आलं लवकर?"

हा प्रश्न तिथले लोकच विचारतात, चिडून विचारतात, आणि तो टाळून चालणार नाही.

सांगोला माणदेशाच्या पट्ट्यातला दुष्काळी तालुका. माण नदी आहे पण तिला नदी म्हणायचं ते पावसाळ्यातले काही दिवस. नीरा उजव्या कालव्याचं शेपूट काही गावांना लागतं, शेपटाला पाणी किती येतं हे कालव्याखालच्या माणसाला विचारा, वरचे लोक मोटारी टाकून बसलेले असतात. त्यामुळे डाळिंब आलं, कमी पाण्यावरचं, खडकाळ रानात येणारं, आणि त्यानं तालुक्याला बरे दिवस दाखवले, पुढे तेल्या आणि मर रोगाने बागाच्या बागा काढाव्या लागल्या ते वेगळं.

कृष्णेचं पाणी उचलून या दुष्काळी तालुक्यांना द्या ही मागणी घेऊन १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषद भरायला लागली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि आबा. १३ दुष्काळी तालुके, दर वर्षी परिषद, दर वर्षी ठराव, हजारो माणसं. एकाच तालुक्याचं भांडण तेरा तालुक्यांचं केलं ही त्यातली हुशारी, कारण एका आमदाराला सरकार गुंडाळतं, तेरा तालुक्यांना गुंडाळणं जड जातं. त्याच काळात टेंभू योजना आली. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी अडवायचं, मोठ्या पंपांनी टप्प्याटप्प्याने डोंगरावर चढवायचं, आणि तिथून कालव्याने कडेगाव, खानापूर, आटपाडी करत सांगोल्यापर्यंत आणायचं. २२ टीएमसी पाणी आणि ८० हजार हेक्टरच्या वर जमीन असा मूळ आराखडा. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, एवढंच लक्षात ठेवा.

आता यादीत सांगोला कुठे आहे बघा. शेवटी. पाणी वरून भरत येतं, पैसे पण वरून खर्च होत येतात, प्रत्येक टप्प्यावर ज्याचा आमदार सत्तेत त्याचं काम आधी. शेवटच्या तालुक्याला पाणी यायला वर्षानुवर्षं गेली, एक पिढी टँकरच्या रांगेत म्हातारी झाली. मोठ्या पक्षातला, मंत्रिपदावर चिकटून बसलेला आमदार असता तर आधी आलं असतं का? मला वाटतं थोडं आधी आलं असतं, हो. विरोधकांचा हाच मुद्दा होता आणि तो पोकळ नव्हता. दुसरी बाजू अशी, की शेजारचे सत्तेतले आमदार असलेले माणदेशातले तालुके तरी कुठे आधी भिजले? आणि पाणी परिषदेचा तगादा नसता तर योजना कागदावरच राहिली नसती कशावरून? दोन्ही बाजूंनी बोलता येतं आणि सांगोल्याच्या पारावर आजही बोलतात, चहा गार होईपर्यंत.

मला एवढंच म्हणायचंय, की सत्तेबाहेर राहण्याची किंमत नेता एकटा देत नाही. तो एसटीने जातो, ठीक आहे. पण त्याच्या मतदाराला पण काही वर्षं जास्त थांबावं लागतं, आणि सांगोल्याच्या मतदाराने ते माहिती असून अकरा वेळा शिक्का मारला, बटण दाबलं. फोटो मात्र त्याचा कुणी फॉरवर्ड करत नाही.

देशातला विक्रम वगैरे खरं का?

एका मतदारसंघातून सर्वाधिक वेळा निवडून आलेले देशातले एकमेव, असं सर्रास लिहितात. महाराष्ट्रात खरं आहे, देशात नाही. केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी त्यांच्यापेक्षा जास्त वेळा निवडून आले, आणि पुथुपल्लीतून ओमन चंडी १२ वेळा. करुणानिधी १३ वेळा आमदार, पण वेगवेगळ्या मतदारसंघांतून. आता मणी पण प्रादेशिक पक्षाचे, केरळ काँग्रेसचे, पण त्यांचा पक्ष तिथल्या आघाडीतला वजनदार भिडू, ते स्वतः कितीतरी वर्षं अर्थमंत्री. ओढून आणलेल्या विक्रमाची आबांना काही गरज नाही. बुडत्या पक्षात राहून अकरा वेळा हे पुरेसं वेगळं आहे.

२०१९, २०२४ आणि पुढे

२०१९ ला वयामुळे आबा थांबले, नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. २०२१ च्या ३० जुलैला आबा गेले. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख उभे राहिले आणि २५ हजारांच्या वर मतांनी जिंकले, बापू पडले.

मग ही घराणेशाही नाही का? आहे. नाव दुसरं काय देणार. ज्या पक्षात तालुका आणि एक माणूस एवढे एकजीव झालेत तिथे तो माणूस गेल्यावर लोक आडनावच शोधतात, कारण दुसरं कुणी मोठं होऊ दिलेलं नसतं किंवा झालेलं नसतं. आबांच्या राजकारणातली ही कच्ची बाजू आहे आणि त्यांच्यावर प्रेम असणाऱ्यांनी पण ती मान्य करायला हरकत नाही. ७६८ च्या पराभवाने एवढं मात्र कळलं की आडनावावर सांगोला आपोआप मिळत नाही.

२०२४ ची अजून एक गंमत, शेकाप महाविकास आघाडीत होता, तरी सांगोल्यात आघाडीतल्याच ठाकरेंच्या सेनेने दीपक साळुंखेंना शेकापच्या समोर उभं केलं. बापू शिंदेंच्या सेनेचे, म्हणजे दोन्ही शिवसेनांचे उमेदवार दोन बाजूंना आणि मधे लाल बावटा. मित्रपक्ष छोट्याला असंच वागवतात, १९९९ ला मीठ हवं होतं, २०२४ ला नको होतं.

तरी आला. आणि आता २८८ च्या सभागृहात शेकापचा आमदार एकच आहे. गटनेता तोच, प्रतोद तोच, पक्षादेश काढणारा तोच आणि पाळणारा पण तोच. बोलायला मिनिटं किती मिळतात ते तुम्हीच काढा.